सासूबाईंच्या भिंतीवरचा डाग

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका जावयाची कथा सांगतो, देव त्याचं भलं करो.

हा जावई रंगाच्या दुकानात रंग मिसळायचा. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या आणि इकडे त्यांच्या लाडक्या सायीच्या रंगाच्या भिंतीवर याच्या डोक्याच्या तेलाचा भलामोठा डाग पडला.

"आई घरी आली की आधी भिंत बघणार," बायको म्हणाली.

"अगं, जुळवतो की रंग. माझी नजर म्हणजे काय समजलीस?"

बायकोने त्या नजरेची परीक्षाच घेतली. सायीचे, लोण्याचे, मोत्याचे रंग फासलेले पुठ्ठे तिने पिसले आणि फिक्यापासून गडदपर्यंत लावायला सांगितले. पठ्ठ्या सपशेल आपटला. मग जेवताना, दात घासताना तो पुठ्ठेच लावत बसला, तेव्हा कुठे नजर तयार झाली. घोटाळा तिथेच झाला. डागावर लावलेला जो रंग आधी जुळलेला वाटला असता, तोच आता त्याला केसभर वेगळा दिसू लागला. म्हणून त्याने अर्धी भिंत रंगवली, मग अख्खी, मग चारही.

सासूबाई आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जावयाचा जीव टांगणीला लागला.

"डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो, घर कसं उजळलंय," त्या म्हणाल्या. "फक्त जावईबापू, तुमचा कानही अगदी भिंतीच्याच रंगाचा दिसतोय. तेवढं उद्या त्यांना विचारते."

तर मंडळी, कुणाच्या भिंतीला डोकं टेकाल, तेव्हा त्या बिचाऱ्या कानाची आठवण ठेवा.