हलीमाचं गाऱ्हाणं

मी वाघाला भीत नाही, पण लोक काय म्हणतील याला भितो. म्हणून तर रामनगरात माझ्या दुकानामागची खोली रिकामी असूनही मी सोनालीला तोंडावर नाही म्हणालो.

सोनाली आमच्याच गल्लीतली, बेंगळुरात आफ्रिकेतल्या निर्वासितांसाठी काम करते. तिने सुदानच्या हलीमाला आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीला इथं आणलं होतं. शिकायला आलेला हलीमाचा नवरा वारला, मागे देशात युद्ध पेटलं, परतायची सोय उरली नाही. इथल्या शिवणकेंद्रात तिला काम मिळालं, पण खोली कुणी देईना. शनिवारपर्यंत खोली मिळाली नाही तर काम जाणार होतं. सोनाली घरोघर फिरली, पत्रकं वाटली, ग्रामसभेत घसा कोरडा केला. आम्ही माना डोलावल्या, चहा प्यालो आणि घरी आलो.

शेवटी तिने महाबळेश्वर अज्जांना गाठलं. अज्जा आमचे गावकर, म्हणजे गावचे मानकरी. देवापुढं सगळ्या गावाचं गाऱ्हाणं तेच घालतात.

"अज्जा, पंचायतीत आमच्या बाजूनं चार शब्द बोला की."

"पंचायतीत माझी जीभ उचलत न्हाई, बाळे. मी देवाफुडंच बोलतो. शुक्रवारी तिला घेऊन ये."

शुक्रवारी देवळापुढं सारं गाव जमलं. हलीमा मुलीचा हात धरून अंगणाच्या कडेला उभी होती. अज्जांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा, सुप्याच्या धरणाच्या पाण्यात घरंदारं सोडून आलेल्या ह्या लेकरांची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडलो. धरणाने उठवलेली ती लेकरं आम्हीच. गाऱ्हाण्याला गप्प बसायची रीत नाही.

मग अज्जा हलीमाकडे वळले. "हिचं गाव कंचं? गावाबिगर गाऱ्हाणं कसं घालू?"

सोनालीने तिला विचारलं. हलीमा बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला देश विचारला होता, कागद विचारले होते. गाव कुणी विचारलं नव्हतं.

"उम्म सिद्रा," ती हळूच म्हणाली.

अज्जांचा उच्चार चुकला. तिने पुन्हा सांगितलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा नीट जमेपर्यंत ते नाव घोकत राहिला, आणि आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो.

"बा देवा! उम्म सिद्रा गावची लेक हलीमा आन तिची पोर. त्यांचं गाव जळालं. ह्या गावात त्यांस्नी थारा दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळं गाव एका आवाजात बोललं, आणि त्यात माझाही आवाज होता. तो कधी निघाला मला कळलं नाही. अंगावर सर्रकन काटा आला. ग्रामसभेत चारजणांचं एकमत न झालेलं हे गाव, आणि त्याच्या पोटात एवढा मोठा होकार होता!

हलीमा रडत सोनालीला काही विचारत होती.

"काय म्हणती ती?" मी विचारलं.

"लोक काय ओरडले म्हणून विचारतीय, काका. काय सांगू?"

"सांग तिला," मी म्हणालो, "खोली झाडून ठेवतो म्हणून."