अँथनीचं मशीन, बर्नार्डची भिंत

टेम्पोतून दोन खोकी उतरली. एक अँथनीच्या घरात गेलं आणि दुसरं गल्लीत राहिलं. थोरला बर्नार्ड आपल्या दारात येऊन उभा राहिला.

विकत आणलेली वस्तू माणूस घरात नेतो. कपाट असो, फ्रीज असो, अगदी सासू आली तरी तिला आत घ्यावंच लागतं. जी वस्तू बाहेरच राहायला म्हणून येते ती जागेवर डोळा ठेवून आलेली असते, हे चकाल्याच्या गावठाणात जन्म काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पलीकडच्या आळीत एका सद्गृहस्थाने वाटेवर तुळशीएवढी एक कुंडी ठेवली होती. कुंडीला ऊन लागतं म्हणून वर पत्रा आला, पत्र्याला आधार म्हणून भिंत आली, आणि आता त्या भिंतीआड एक भाडेकरू राहतो आणि कुंडीला पाणी घालतो.

शिवाय ही गल्ली म्हणजे बर्नार्डचा जीव होती. धाकट्या अँथनीच्या घराचं तोंड रस्त्यावर, बर्नार्डच्या घराचं दार मात्र गल्लीत. मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भावांच्या भिंतींना बोटं लागत. गल्ली गेली तर बर्नार्डला बाजारात जायला कौलं काढावी लागली असती. बाप जाताना एवढंच म्हणाला होता की गल्ली दोघांची. कुठली बाजू कुणाची, हे सांगायला तो थांबला नाही. पुढे परसातल्या आंब्यावरून भावांचं बोलणं बंद झालं. आंबा एका वादळात पडला, अबोला काही पडला नाही.

मशीन एअरकंडिशनरचं होतं. अँथनी बहारीनला बरीच वर्षं नोकरी करून परतला होता आणि आता त्याला चकाल्याचा मे महिना सोसेना. सत्त्याऐंशी साली गावठाणात कुणाच्या घरी असली चैन नव्हती. थंड हवा सिनेमाच्या थिएटरात मिळते आणि तिला तिकीट असतं, एवढंच लोकांना ठाऊक.

मशीन बसवायला चंद्रप्रकाश नावाचा मेकॅनिक गोरेगावहून आला. तिथल्या स्टुडिओंत नटांच्या खोल्या थंड करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे कुणाच्याही रागाचं त्याला काही वाटत नसे. त्याने अँथनीच्या भिंतीवर, गल्लीच्या अंगाला, खडूने चार फुल्या मारल्या. पाचवी मारणार तोच बर्नार्डने घरातून खुर्ची आणली आणि बरोबर फुल्यांखाली मांडून तो बसला.

"त्याला विचार," बर्नार्ड चंद्रप्रकाशला म्हणाला, "घर थंड करायचंय ना, मग मशीन बाहेर कशाला?"

अँथनी तीन पावलांवरच उभा होता. "त्याला सांग, आतली गरमी बाहेर टाकायला."

"त्याला विचार, बाहेर म्हणजे कुणाकडे?"

चंद्रप्रकाशने पहिले एकदोन निरोप इमानाने पोचवले. मग तो नुसतीच मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवू लागला, आणि काम तितकंच नीट चाललं. शेवटी त्याने हातोडी पिशवीत टाकली. भिंत ठरली की बोलवा, म्हणाला, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेला.

बर्नार्ड तेवढ्यात जयवंत परबाकडे जाऊन आला. जयवंत पूर्वी गिरणीत होता. संपात नोकरी गेली तेव्हापासून तो अंधेरीच्या कोर्टात एका वकिलाच्या टेबलाशी बसत असे आणि उठताना थोडा कायदा बरोबर घेऊन येत असे. त्याने सगळं डोळे मिटून ऐकलं. "आज ब्रॅकेट ठोकतलो, उद्या त्येका छज्जा काढतलो, परवा थंय खोली," तो म्हणाला. कायद्यात याला वहिवाट म्हणतात, हेही त्याने सांगितलं. ज्याच्या भिंतीची वस्तू गल्लीवर लोंबते, गल्ली हळूहळू त्याच्याकडे सरकते. मग डोळे उघडून त्याने बर्नार्डकडे बघितलं आणि विचारलं की भिंत तर तुझीपण आहे ना रे.

परत येईपर्यंत बर्नार्डचं ठरलं होतं. त्याने खुर्ची उचलली, स्वतःच्या भिंतीला टेकवली आणि चहा पिऊन आलेल्या चंद्रप्रकाशला म्हणाला, "त्याला सांग, मशीन माझ्या भिंतीला लाव."

अँथनीच्या खिडकीतून त्याची बायको इव्हा डोकावली आणि पुन्हा आत गेली.

आता संशय यायची पाळी अँथनीची होती. ज्या भावाने इतक्या वर्षांत त्याच्या घरी नाताळची करंजी पाठवली नव्हती, तो आज अख्खी भिंत देत होता. अँथनीने ती भिंत जवळून बघितली, बोटांनी ठोकून बघितली, वास घेतला. भिंतीत काही नव्हतं, म्हणजे जे काही होतं ते बर्नार्डच्या मनात होतं. इव्हाचं म्हणणं पडलं की भावोजी रात्रीतून वायर फोडून त्यांचे पंखे आपल्या मीटरवर फिरवतील. अँथनीला वाटलं की आपलं मशीन त्याच्या भिंतीवर गेलं की वर्षभराने तो ते स्वतःचंच म्हणून सांगेल. त्याने साफ नकार दिला.

नकार ऐकून बर्नार्डची खात्रीच पटली. भिंत फुकट मिळत असताना माणूस नको म्हणतो, म्हणजे त्याला मशीन बसवायचं नाही, गल्लीच हवी आहे. मग दोघांची चांगलीच जुंपली, अर्थात चंद्रप्रकाशमार्फत. अर्ध्या तासाने चंद्रप्रकाशने आपली पिशवी खांद्याला लावली आणि आता गेलो तर पावसाळ्यानंतरच येईन, असं नम्रपणे सांगितलं. अँथनीच्या बनियनची घामाने चिंधी झाली होती. लाव तिथंच, असा त्याने बर्नार्डच्या भिंतीकडे हात केला आणि तो घरात निघून गेला.

संध्याकाळपर्यंत ब्रॅकेट ठोकून झाले. त्यावर लोखंडी खोकं चढलं. काळ्या फोमात गुंडाळलेले तांब्याचे दोन पाइप अँथनीच्या भिंतीतून निघून, लोकांच्या डोक्यावरून गल्ली ओलांडून, बर्नार्डच्या भिंतीवरच्या खोक्याला जोडले गेले. बटण दाबल्यावर खोक्यातला पंखा घरघरला आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा गल्लीत भरली. बर्नार्डने ती चेहऱ्यावर घेतली आणि त्याला बरं वाटलं.

घरात मात्र बरं नव्हतं. भिंत जुनी, चुन्याची. मशीन सुरू झालं की ती ताप चढल्यासारखी थरथरे. आतल्या बाजूला मेरीमातेचा कोनाडा होता. पहिल्याच दिवशी मूर्ती हळूहळू सरकत वळली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तिने घराकडे पाठ केली. बर्नार्डची बायको मोनिका हिने ती सरळ केली, पुन्हा वळली, पुन्हा सरळ केली. मग पदर खोचून मोनिका अँथनीच्या घरी भांडायला गेली.

ती संध्याकाळी परत आली. बर्नार्डने तिचा हात धरून बघितला. हात थंड होता.

"काय म्हणाले?"

"बोलणं अजून पुरतं झालं नाही," मोनिका म्हणाली. "उद्या जायला लागेल."

दुसऱ्या दिवशीही ते पुरतं झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती जाताना निवडायची भाजी घेऊन गेली. बर्नार्ड गल्लीत खुर्ची टाकून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसू लागला. आपलं माणूस एकेक करून फोडायचं आणि शेवटी गल्ली राखायला कुणी उरू द्यायचं नाही, हा डाव त्याच्या ध्यानात आला होता. मशीन काढून न्या, असं तर त्याला म्हणता येईना. काढलं की वहिवाट गेली.

आठवड्याने एका दुपारी मशीन अचानक थांबलं. अँथनी गल्लीत आला. मधे चंद्रप्रकाश नव्हता, त्यामुळे त्याला सुरुवात कशी करावी ते कळेना.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "तुझं घर हलतं, वहिनी सांगत होती. माझ्या भिंतीला घेतो ते."

बर्नार्डने टॉवेल काढला. म्हणजे एवढ्यासाठी बोलणं सुरू झालं होतं. "नाही. जिथं आहे तिथंच राहणार."

"मग गच्चीवर नेतो. गल्लीत काहीच नको."

"आणि गल्ली?"

"गल्ली तुझी. सगळी घे. माझं दार रस्त्यावर आहे, मला काय करायचीय?"

ज्यासाठी बर्नार्ड भट्टीसमोर आठवडाभर बसला होता ते असं हातात पडलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. अँथनीने आयुष्यात कधी चिंचेचं बोटूकसुद्धा फुकट दिलं नव्हतं.

"गल्लीला काय झालंय?" त्याने विचारलं. "म्युन्सिपाल्टी गटार काढतेय का?"

"काही झालेलं नाही."

"मग?"

अँथनी पायाने खडा ढकलत राहिला. "वहिनी आत बसते, इव्हा बसते, मी बसतो. तू एकटा इथं उन्हात. समोरच्या खिडकीतून दिसतोस तू. दुपारची झोप लागत नाही रे मला."

या बोलण्यात कुठे काय लपलंय ते बर्नार्डने सगळ्या बाजूंनी तपासलं. सापडेना, याचाच त्याला अधिक घोर लागला.

"सगळी मला नको," तो म्हणाला. "बापाने दोघांची सांगितली होती. अर्धी तू सांभाळ. मशीनच्या खाली रबर घाल जाड, बाकी हलवायचं नाही."

मग खुर्ची उचलून तो अँथनीच्या घरात गेला. आत सोफा होता, पण आपली खुर्ची असताना दुसऱ्याच्या सोफ्यावर का बसावं हे त्याला कळेना. त्याने ती खिडकीशी ठेवली, तिथून भिंत आणि गल्ली दोन्ही दिसत होती. अँथनीने बटण दाबलं. गार हवा मानेवरून उतरली तसा बर्नार्ड अंग चोरून बसला, आणि मग हळूहळू सैल झाला. अँथनीने दुसरी खुर्ची शेजारी ओढली. मोनिका आणि इव्हा मागे काहीतरी कुजबुजल्या, त्याची त्याने मनात नोंद घेतली.

थोड्या वेळाने पाववाला गल्लीत शिरला. त्याने सायकल बर्नार्डच्या भिंतीला, मशीनच्या खाली टेकवली, पावाची पाटी उतरवली आणि मागच्या घरांकडे चालू लागला.

"ही सायकल इथं का लावली?" अँथनी म्हणाला.

"मी बाहेर बसायचो तेव्हा कधी लावली नव्हती," बर्नार्ड म्हणाला.

"मीपण बघितली नव्हती."

दोघे भाऊ एकदम उठले, गार खोलीचं दार उघडं टाकून बाहेर आले, आणि सायकलच्या एकेका बाजूला, रणरणत्या गल्लीत, पाववाल्याची वाट बघत उभे राहिले.