खुमेंद्रची माशी

ओमेश्वरी लग्न होऊन दरेकशाजवळच्या त्या गावात आली, तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. इथं बिडी बांधायची नाही, आणि नवऱ्याच्या नादाबद्दल काही बोलायचं नाही.

"पाच एकर धान हाये, सोताची बोडी हाये," धुरपताबाई म्हणाली. "तू मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधत बसली तं लोक काय म्हनतील? आन् त्याचा नाद मी मरेपावतर जाणार नाही. मी बोलून थकलो."

ओमेश्वरीचं माहेर नागऱ्याचं. शिवाच्या देवळामागच्या गल्लीत दारोदारी बिड्या बांधल्या जायच्या आणि ती नवव्या वर्षापासून आईशेजारी बसायची. तेंदूपत्ता कातरायचा, तंबाखू भरायची, गुंडाळी करायची, दोऱ्याचे दोन वेढे आणि नखानं तोंड दुमडायचं. हे सगळं तिची बोटं बोलता बोलता करत. सासरी ती बोटं धान निवडण्यापुरती उरली.

नवऱ्याचा, खुमेंद्रचा नाद मासे धरायचा होता. खाण्यासाठी धरत असता तर कोणी काही म्हणालं नसतं. तो धरायचा आणि सोडून द्यायचा. गोंदियाचे दुर्गाप्रसाद साहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. आसामात नोकरीला असताना त्यांना हे वेड लागलं होतं. मरळ माशाच्या शोधात हिंडत ते एकदा खुमेंद्रच्या बोडीवर आले. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं तळं. पाच-सहा पिढ्यांपूर्वीची, कमळाच्या वेलांनी अर्धी झाकलेली. साहेबांनी खुमेंद्रला आपली एक जुनी काठी दिली आणि शिकवलं. या काठीला गांडूळ लागत नाही. गळावर पिसं बांधून खोटी माशी करायची. तिला काही वजन नसतं, वजन दोरीला असतं. दोरी मागं उडवायची, ती मागं सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं सोडायची. हे थांबणं ज्याला जमलं त्याला सगळं जमलं.

गावात हसायचे. "धरून सोडाची हाये तं धरता कायले, खुमेंद्रभाऊ?" तो दोरी फेकत राहायचा. रविवारी साहेब यायचे, दोघं पाळीवर उभे राहायचे आणि तेवढ्या वेळात खुमेंद्रच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते ओमेश्वरीला इतर वेळी कधी दिसलं नाही.

एकदा मरळीनं त्याची विकतची माशी चिंधी करून टाकली. तो उसवलेली पिसं तळहातावर घेऊन ओसरीत बसला होता. तसली माशी नागपुरातही मिळत नव्हती.

"द्या इकडं," ओमेश्वरी म्हणाली.

तिनं ती पूर्ण उलगडली. दोरा कुठून सुरू झाला, कुठं संपला, पीस कोणत्या अंगानं वळवलं, हे तिनं एकदाच पाहिलं. मग घरच्या कोंबड्याच्या मानेची तीन पिसं काढली, माहेराहून आलेल्या पेटीतली बिडीच्या दोऱ्याची रीळ आणली आणि तोच गळ पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी खुमेंद्रनं त्यावर दोन मरळी धरल्या.

पुढं ती थांबलीच नाही. धुरपताबाई शेतावर गेली की पेटी उघडायची. मरळ बेडकावर तुटून पडते हे तिला माहीत होतं. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून तिनं किती वेळा पाहिलं होतं. तिनं जुन्या रबरी चपलेचा तळ कापून बोटाच्या पेराएवढं बेडकाचं अंग केलं, रबर बँड चिरून पाय केले, मागं कोंबड्याची भुरी पिसं लावली आणि गळापुढं बारीक तार वाकवली, म्हणजे कमळाच्या देठात अडकू नये. पाण्यावर ती वस्तू पडली की डुबुक असा आवाज यायचा, आणि खालून पाणी फाटायचं.

दुर्गाप्रसाद साहेबांनी ती पाहिली त्या दिवशी ओमेश्वरी चहा घेऊन दारात आली होती.

"अरे वा, खुमेंद्र! ये तूने बनाया?"

खुमेंद्रनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "हां साहेब. ऐसेच बैठे बैठे."

ती चहा ठेवून आत आली. साहेब गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. "बाईनं बांधली म्हटलं तं ते हातात घेतील का? तूच सांग." तिला ते खरं वाटलं, आणि आपल्यामुळं त्याचं कौतुक झालं याचा तेव्हा तिला आनंदही झाला. तो आनंद नंतर तिला आठवला की ती स्वतःवरच चिडायची.

माशीला नाव पडलं. साहेबांच्या मासेमारी मंडळात, गोंदियापासून नागपूरपर्यंत, लोक तिला 'खुमेंद्रची माशी' म्हणू लागले.

त्याच वर्षी भादव्यात धुरपताबाई पंधरा दिवस लेकीकडं आमगावला गेली. एका सकाळी खुमेंद्र आपण होऊन म्हणाला, "चाल, तुले दाखवतो." त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडून दोघं बोडीवर गेली. त्यानं तिच्या हातात काठी दिली, मागं उभा राहून मनगट धरलं. "हात नोको फेकू. मनगट थांबव. आता दोरी मांगं जाऊन राहिली… जाऊ दे… आता."

तिसऱ्या दिवशी तिला ते उमगलं. दोरी मागं सरळ झाल्याचा एक हलका ओढा काठीतून तळव्यात येतो, आणि तो आला की पुढं ढकलायचं. बस्स. इतकंच. तिची दोरी पाण्यावर अशी उतरायची की कमळावरचा चतुर उडायचा नाही. खुमेंद्र हसायचा, "माह्याहून मुलायम फेकते वो तू." त्या पंधरा दिवसांत ते दोघं जितकं बोलले तितकं आठ वर्षांत बोलले नव्हते. दुपारी पाळीवरच भाकरी खायचे. तिला वाटलं, आता असंच चालेल.

तेराव्या दिवशी पलीकडच्या काठाला पाणी हललं. मरळ हवा घ्यायला वर येते, तेव्हा एक बुडबुडा फुटतो. तो बुडबुडा वाटीएवढा होता. खुमेंद्रनं काठीसाठी हात पुढं केला, पण ओमेश्वरीनं दोरी उचललीच होती. तिनं बुडबुड्यावर नाही टाकली, मरळ जिकडं निघाली होती तिकडं हातभर पुढं टाकली. डुबुक. एक क्षण काही नाही. मग पाणी असं उघडलं जसं कोणी खालून घागर फोडली.

पंधरा-वीस मिनिटं ती झुंजली. "मले दे, मले दे," तो दोनदा म्हणाला, तिनं दिली नाही. शेवटी मरळ काठाशी आली. खुमेंद्रच्या अख्ख्या हाताहूनही लांब, मांडीएवढी जाड, काळी, पोटाला पिवळट झाक. काट्यावर सात किलो भरली. त्या बोडीत एवढी मरळ कोणी पाहिली नव्हती.

"थांब, फोटो काढू," तो म्हणाला. त्यानं मासा दोन्ही हातांवर घेतला आणि मोबाइल तिच्याकडं दिला. तिनं फोटो काढला. मग त्यानं तो घाईनं पाण्यात सोडला, "लय वेळ झाला, मरन," म्हणत. तिचा फोटो राहूनच गेला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो मंडळात सगळीकडं पोचला. साहेबांचा फोन आला. खुमेंद्र अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगत होता, बुडबुडा कसा दिसला, हातभर पुढं कशी टाकली, किती वेळ झुंजावं लागलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त माणूस बदलला होता. ओमेश्वरी तुळशीपाशी दिवा लावत होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली आणि बोलत राहिला.

त्यानंतर तो तिला बोडीवर घेऊन गेला नाही. आधी आई आली म्हणून. मग लोक पाहतात म्हणून. पुढं कारण सांगायचंही त्यानं सोडलं. माशा मात्र लागायच्या. "या महिन्यात बारा पाहिजेत," म्हणून गळांची पुडी चुलीशेजारी ठेवून जायचा. ती बांधायची. का बांधायची, हे तिलाही सांगता आलं नसतं. बोटांना काम हवं होतं, एवढंच.

तीन वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, मंडळाचा मेळावा खुमेंद्रच्या बोडीवर ठरला. वीसेक जण आले. पाळीवर खुर्च्या, ताडपत्री, मोठ्या गाड्या. गावही जमलं. आता कोणी हसत नव्हतं. नागपूरची रुचिका नावाची एक मुलगी आली होती, पंचविशीची. टोपी घालून गुडघाभर पाण्यात उभी राहून ती दोरी फेकत होती आणि सगळे पुरुष "वा, वा" म्हणत होते. धुरपताबाईसुद्धा म्हणाली, "कशी वो हुशार पोरगी हाये!" ओमेश्वरी तिच्या शेजारी बसून पोहे भिजवत होती.

जेवणाआधी साहेबांनी जाहीर केलं, आता खुमेंद्र आपली माशी सगळ्यांसमोर बांधून दाखवील. खुमेंद्रच्या अंगठ्याला सकाळपासून फडकं होतं. विळा लागला, असं त्यानं सांगितलं. ते फडकं ओमेश्वरीनंच त्याला फाडून दिलं होतं. खाली कातडी धड होती.

"अरेरे," लोक म्हणाले. रुचिका पाणी प्यायला चुलीकडं आली. तिची नजर ओमेश्वरीच्या हातांवर गेली. डाव्या तर्जनीच्या कडेला दोऱ्यानं पडलेली बारीक खाच होती, आणि नखात भुऱ्या पिसाचा तंतू अडकला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बांधता ना?"

खुमेंद्र चार पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं मान हलवली नाही, डोळ्यानंही काही सांगितलं नाही, फक्त पाहत राहिला. ओमेश्वरीला 'नाही' म्हणायचं होतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती. पण तोंडातून निघालं, "हो. मीच बांधतो."

पुढचं सगळं आपोआप झालं. तिला खुर्चीवर बसवलं गेलं. पेटी आणली गेली. तिनं मान वर न करता एक बेडूक बांधला. शेवटचा दोरा नखानं दुमडला तेव्हा टाळ्या पडल्या. दुर्गाप्रसाद साहेब मोठ्यानं हसले. "क्या खुमेंद्र! तीन साल से हमको उल्लू बना रहा था?" सगळे हसले, गावही हसलं. रुचिकानं तिच्या हातात काठी दिली. ओमेश्वरी पदर खोचून पाळीवर उभी राहिली आणि तीन वर्षांनी दोरी मागं उडवली. थांबली. पुढं सोडली. ती उतरली तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. ज्यांना कळत होतं ते तिच्या मनगटाकडं पाहत होते.

साहेब पुटपुटले, "वो सात किलोवाली… वो भी?" तिनं दोरी गुंडाळली. उत्तर द्यायची गरज राहिली नव्हती. तिनं मागं वळून पाहिलं तर खुमेंद्र जागेवर नव्हता.

तो रागावला नाही. ओरडला नाही. हात उचलला नाही. ती वाट पाहत होती, काहीतरी होईल, मग ती बोलेल, तीन वर्षांचं सगळं बोलेल. तो जेवला, झोपला, सकाळी धान मळणीला गेला. साहेबांचे फोन त्यानं घेतले नाहीत. काठी माळ्यावर गेली. सासू म्हणाली, "चार मानसांत नवऱ्याची इज्जत घालवली तुनं." ओमेश्वरीला वाटलं, वेळ जाईल तसं निवेल. रुचिकाचे दोनदा फोन आले, की नागपूरला या, आमच्या लोकांना शिकवा. ओमेश्वरी "इचारतो" म्हणाली. विचारणार कोणाला?

वैशाखात एका सकाळी बोडीकडून इंजिनाचा आवाज आला. ती धावत गेली. दोन पंप लावले होते. पाणी पाळीवरून नाल्यात जात होतं. खुमेंद्र काठावर उभा होता.

"काय करून राहिले तुमी?"

"बोडी सुकवतो."

"काऊन?"

"रोहू-कतल्याचं बीज टाकाचं हाये. मरळ राहिली तं सप्पा बीज खाऊन टाकते. सारेच करतात."

त्यात खोटं काही नव्हतं. सगळेच करायचे.

"तुमी… तुमाले तं आवडे," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं मले."

खुमेंद्रनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हनूनच," तो म्हणाला आणि पंपाकडं गेला.

तीन दिवस पाणी गेलं. चौथ्या दिवशी बोडीच्या मधोमध अंगणाएवढा चिखल उरला. त्यात मरळी वळवळत होत्या. हवेवर जगणारा मासा, लवकर मरत नाही. चिखलात तोंड वर करून पडून राहतो. गावची माणसं कमरेपर्यंत उतरून हातानं धरत होती, टोपल्यात टाकत होती, हसत होती. ओमेश्वरी पाळीवर बसून होती. कोणती मोठी, कोणती लहान, तिनं पाहिलं नाही. चिखलात सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

घरच्या वाट्याची टोपली धुरपताबाईनं चुलीपुढं ठेवली. "राखेनं घास चांगली. लय चिकट असते."

ओमेश्वरीनं राख घेतली, घासली, कापली, जवस-लसणाचं वाटण घातलं. खुमेंद्र पाटावर बसला. तिनं भात वाढला, वर रस्सा वाढला. इतक्या वर्षांत त्या बोडीतली मरळ त्यानं कधी खाल्ली नव्हती. त्यानं काटा बाजूला काढला, घास घेतला, हळूहळू चावला. मग ताट पुढं केलं.

"अजून वाढ," तो म्हणाला. "आन् मीठ कमी हाये."

तिनं वाढलं, आणि मिठाचं भांडं त्याच्यासमोर आणून ठेवलं.