तांबड्या शाईतला शब्द

अंकुशरावांनी मोबाइलवरचा फोटो मोठा केला, वरच्या-खालच्या ओळी दिसू नयेत म्हणून दोन्ही अंगठे आडवे धरले आणि मोबाइल काशप्पा शिंप्याच्या नाकासमोर नेला.

"हे तेवढं वाच."

काशप्पानं मशीन थांबवलं. तोंडातली टाचणी काढली. "अंगठा काढा की अण्णा. पुढचं-मागचं दिसंना."

"पुढचं-मागचं काय करायचंय तुला? तांबड्या शाईतलं वाच."

"उसिरु."

"म्हंजे?"

काशप्पा घुटमळला. मराठी शब्द शोधताना त्याची नजर नेहमी छताकडे जायची. "उसिरु अंद्र... जीव. जीव की हो! लगीन नवं होतं तवा मी बायकोला म्हणायचो, तू माझा उसिरु." तो हसला. "आता तीच माझा काढायलीय. कुणी लिवलंय?"

"पाइपाच्या जाहिरातीत आलंय," असं म्हणून अंकुशराव पायऱ्या उतरले.

खजुरीच्या मराठी शाळेत शिकलेल्या अंकुशरावांना कन्नड येई ते बाजारापुरतं. पंप, पाइप, फवारा, उद्या या. अक्षरं मात्र सगळी जिलबीसारखी दिसायची. आळंदला दुकान टाकून अठ्ठावीस वर्षं झाली, पण कधी अडलं नव्हतं, कारण वाचायला बायको होती. शिवकन्या कलबुर्गीची, कन्नड शाळेत शिकलेली. आता नेमकी तिचीच गाण्याची वही वाचायची वेळ आली होती आणि ती काही तिच्याकडून वाचून घेता येत नव्हती.

त्या वहीत, एका चिजेच्या ओळींमध्ये, हा तांबडा शब्द नऊ ठिकाणी होता. अक्षर शिवकन्येचं नव्हतं. खिशाला तांबडा पेन लावून येणाऱ्या पेटीवाल्या विजयेंद्रचं होतं.

आणि ह्या विजयेंद्रला घरात आणला कुणी? खुद्द अंकुशरावांनीच. मागल्या साली शिवकन्येला न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली ती अर्धी होऊन. छातीला व्यायाम हवा, पूर्वी गात असाल तर गा, असं डॉक्टर म्हणाले. लग्नाआधी ती गायची हे अंकुशराव पार विसरून गेले होते. मग कॉलेजात गाणं शिकवणारा विजयेंद्र मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायला लागला. तिला अक्का म्हणायचा, ह्यांना अण्णा. वागायला इतका सरळ, की बोट ठेवायला जागा नाही. अंकुशरावांना त्याचाच राग यायचा.

दुकानामागं पंपांची कोठी होती आणि कोठीच्या भिंतीपलीकडं त्या दोघांची तालीम चालायची. दोन महिने अंकुशराव मंगळवारी-शुक्रवारी कोठीत खोकी हलवत बसत होते. भीमपलासी हे नाव त्यांना तिथंच कळलं. चीज तर तोंडपाठ झाली.

*साँझ को आवन कह गए बैरी, कौन सी साँझ न बोले.*

संध्याकाळी येतो म्हणून गेला, कुठल्या संध्याकाळी ते बोललाच नाही. शिवकन्या हे इतक्या खऱ्या गळ्यानं म्हणायची, की भिंतीअलीकडचा माणूस विचारात पडे. हा गेलेला कोण? आपण तर कधी कुठं गेलो नाही. रोज सातला दुकान बंद, सव्वासातला ताटावर हजर.

ओळीच्या मध्येच ती थांबे. मग विजयेंद्र हळूच म्हणे, "हं." आणि ती पुढं गाऊ लागे. एका चिजेत नऊ वेळा थांबणं आणि नऊ वेळा 'हं'. त्या शांततेत काय चाललंय ह्या विचारानं अंकुशराव जळायचे. पन्नाशी उलटल्यावर आपण बायकोवरून जळतो ह्याची त्यांना लाजही वाटायची, पण लाजेनं जळणं काही कमी झालं नाही.

तोंडानं अक्का आणि वहीत जीव. तेही नऊ वेळा!

रविवारी दुपारी चारला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. शिवकन्या लग्नानंतर पहिल्यांदाच लोकांसमोर बसणार होती. सकाळपासून तिच्या हातून भांडी निसटत होती. ती न्हायला गेली तसा अंकुशरावांनी पाइपांवर खुणा करायचा काळा मार्कर आणला, वही उघडली आणि नऊही शब्द एकेक करून काळे केले. शेवटचा खोडल्यावर फार बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही, पण वही त्यांनी पिशवीत होती तशी ठेवून दिली.

हॉलच्या दाराशीच विजयेंद्र भेटला.

"या अण्णा, पुढं बसा."

"एक विचारू?" अंकुशरावांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "उसिरु म्हंजे काय वो?"

"श्वास. वही बघितलीत वाटतं? अक्कांचा दम अजून पूर्ण ओळीला पुरत नाही ना. कुठं श्वास घ्यायचा ते तांबड्या शाईनं लिहून दिलंय. ते समोर असलं की त्या घाबरत नाहीत."

"काशप्पा तर जीव म्हणला."

"तेही खरंच की," विजयेंद्र म्हणाला आणि घाईनं पेटीकडं गेला.

अंकुशराव पहिल्या रांगेत जाऊन बसले. समोर शिवकन्येनं वही उघडली. पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. पदरानं ओठ पुसले. तंबोरा सुरू झाला होता. आता उठून तिला काय सांगणार?

तिनं ओळ उचलली. 'कह गए'पर्यंत आली आणि अंकुशरावांना कळलं, इथं. भिंतीपलीकडं ती इथंच थांबायची. ती थांबली नाही. 'बैरी'वर आवाज पातळ झाला, तुटला आणि खोकला आला. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. विजयेंद्र मान खाली घालून पेटीवर सूर भरत राहिला. शिवकन्येचा हात वहीवरच्या काळ्या डागावर होता. तिनं ओळ पुन्हा धरली. साँझ को आवन कह गए...

"हं," अंकुशराव म्हणाले.

चांगलं मोठ्यानं, छाती फुगवून, खांदे वर उचलून. दोन-चार माना वळल्या. शिवकन्येनं वर पाहिलं आणि श्वास घेतला.

उरलेल्या आठ जागाही त्यांना पाठ होत्या. प्रत्येक जागी ते "हं" म्हणत गेले आणि प्रत्येक जागी ती त्यांच्याकडं बघून श्वास घेत गेली. आवाज पुन्हा तुटला नाही. शेजारचे चनमल्लप्पा वाकून म्हणाले, "दाद लई बरोबर जागी द्यायलाव. गाण्यातलं कळतंय व्हय तुमाला?"

"घरचंच हाय," अंकुशराव म्हणाले. विजयेंद्र पेटीवरून त्यांच्याकडं बघून हसला, ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

घरी आल्यावर शिवकन्येनं वही त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"कुणी खोडलंय ते विचारत न्हाई मी."

अंकुशराव वहीचा दुमडलेला कोपरा सरळ करू लागले.

"आन् कोठीत बसायलाव ते बी ठावं होतं. पंपाची खोकी काय मंगळवार-शुक्रवारीच हलवायची असत्यात?"

"मग बोलली न्हाईस कामून?"

"बोलले असते तर उठून गेला असताव." ती बांगड्या उतरवत होती, त्यांच्याकडं बघत नव्हती. "अठ्ठावीस वर्षांत पैल्यांदा ऐकायलता तुम्ही. म्हणून तर रोज जरा मोठ्यानं म्हणायचे."

मग तिनं विजयेंद्रचा तांबडा पेन वहीवर ठेवला. "लिवा आता परत."

"मला कुठं कन्नड लिवता येतंय?"

"मराठीत लिवा."

अंकुशरावांनी तांबडा पेन बाजूला सारला. खिशातून स्वतःचा निळा काढला. पहिल्या काळ्या डागाशेजारी त्यांनी काशप्पानं सांगितलेला शब्द लिहिला, शाळेत काढायचे तसा, हळूहळू.

शिवकन्येनं वाकून तो वाचला.

"अजून आठ हायत," ती म्हणाली.