मी जेवून राहिलो

आमच्या ह्यांनी ध्यानाचं शिबिर केलं आणि माझ्या संसाराला ग्रहण लागलं.

कचेरीतल्या कुणा साहेबाच्या नादी लागून रजा टाकून गेले, आणि परत आले ते गोगलगाय होऊन. तिथल्या गुरुजींनी सांगितलं होतं म्हणे, जे कराल ते जाणून करा. हात उचलला की मनात म्हणा, हात उचलतोय. आता हे जन्मापासून नागपूरचे. नागपुरात कुणी 'जेवतोय' म्हणत नाही, 'जेवून राहिलो' म्हणतात. आणि मनात म्हणायचं ते ह्यांच्या मनात काही मावेना. "मी दात घासून राहिलो." "मी चप्पल घालून राहिलो." न्हाणीतून आवाज यायचा, "मी आंग पुसून राहिलो." शेवटी शेजारच्या शोभाताईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काहून वं लतिका, भाऊजी कोणाले सांगून राहिले हे सारं?"

शिवाय करुणा. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर डबा उन्हात ठेवायचा नाही, जीव आहे त्यांना. करुणा ह्यांची, साखर माझी, तीही रेशनची. दिवसभर स्टोव्हपुढे उभ्या असलेल्या बाईलाही जीव असतो, हे सांगायला गुरुजी विसरले असावेत.

त्या रविवारी दुपारी हे नुकतेच पाटावर बसले होते, तेवढ्यात माझ्या माहेरच्या गावचे गणपतराव दारात आले. नरखेडकडून संत्र्यांचा ट्रक घेऊन आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"लताबाई, तुही माय विहिरीपाशी घसरून पडली," ते म्हणाले. "कंबर हलवता येत नाही तिले. तुहं नाव घेऊन राहिली. दोनच्या गाडीनं निघा दोघंही, अन् तिले इकडं दवाखान्यात आणा."

आई गावात एकटी असते. तिला उचलून आणायचं तर मला हे सोबत हवेच होते. दोनची गाडी चुकली की पुढची थेट सकाळी, आणि दीड वाजत आला होता.

मी धावत आत आले. "अहो, ऐका, आईले..."

ह्यांनी डावा तळवा वर केला. डोळे मिटलेले. जेवताना मौन, हा शिबिरातला नियम. त्यात सूट फक्त असल्या जाणण्याच्या वाक्यांना: "मी घास चावून राहिलो."

मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तळवा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. म्हटलं, ठीक आहे. फोडणीतली मोहरी जिभेवर ओळखणाऱ्या माणसाला समोरची बायको ओळखू येते का, बघूच. पिशवीत दोन लुगडी कोंबली, पिशवी ह्यांच्या ताटासमोर आपटली आणि चपला घालून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. आमच्या घरात चपला घालून चुलीपाशी कुणी येत नाही. एरवी सासूबाईंच्या फोटोनंसुद्धा मला हाकललं असतं.

ह्यांनी वरणाची वाटी तोंडाला लावली. "मी वरण पिऊन राहिलो," शांतपणे म्हणाले. "आंबट आहे. मी आंबटपणा जाणून राहिलो."

मग मात्र माझा बांध फुटला.

"मीबी जाणून राहिली!" मी किंचाळले. "माही माय पडली. ती मले बोलावून राहिली. तिकडं गाडी निघून राहिली. मी इथं चपला घालून रडून राहिली, अन् तुम्ही वरण जाणून राहिले! मुंगीएवढी तरी किंमत करा ना माही!"

ह्यांनी डोळे उघडले. आधी चपला दिसल्या, मग पिशवी, मग माझं तोंड. ताट कलंडलं, वरण पाटावर सांडलं. हात न धुता ह्यांनी पिशवी उचलली, एका पायात बाहेरची चप्पल आणि दुसऱ्यात संडासची घातली आणि माझ्याआधी जिना उतरले.

रस्ताभर एकही 'राहिलो' नाही. सायकलरिक्षावाल्याला तेवढं, "चाल गा बाबा, लवकर चाल." स्टँडवर पोचलो तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. हे तिच्यापुढे खरकटा हात पसरून आडवे उभे राहिले. ड्रायव्हरनं आईमाईवरून शिव्या दिल्या, त्या ह्यांना ऐकूही आल्या नाहीत.

गाडीत बसलो. माझा राग उतरला नव्हता. आईचं काय झालं असेल, ती पुन्हा उभी राहील ना, हेच डोक्यात फिरत होतं, आणि त्यात ह्यांचे ओठ हलताना दिसले. झालं. आता 'मी बसून राहिलो', 'मी हलून राहिलो'. "एक शब्द काढाल तर इथंच उतरून जाईन," मी म्हणाले.

ते थांबले. मग माझा हात हातात घेतला. बोटांवरचं वाळलेलं वरण खरखरीत लागलं.

"तू भिऊन राहिली, लता," ते हळूच म्हणाले.

शिबिरातून आल्यापासून ह्यांचं 'मी'नं नव्हे, 'तू'नं सुरू झालेलं हे पहिलंच वाक्य. मी मान हलवली, आणि त्या खरकट्या हातात माझा हात तसाच राहू दिला.