क्लिअर म्हणजे

"क्लिअर?" तात्यांनी फोनवर विचारलं.

"क्लिअर," पलीकडून मुंगी म्हणाला.

तात्यांनी फोन ठेवला आणि पॅनेलपाशी जाऊन कारखान्याकडची लाइन चालू केली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मुंगीचा जोडीदार होता. त्याला धड बोलता येत नव्हतं. मुंगी अजून खांबावरच आहे, एवढंच तात्यांना कळलं. त्यांनी धावत जाऊन लाइन बंद केली, पण तोवर सगळं संपलं होतं.

तात्या विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. मुंगी लाइनमन. अंगाने बारीक, बघता बघता खांबाच्या टोकाला पोचायचा, म्हणून ते नाव. दोघांचं वर्षानुवर्षांचं सूत, आणि त्यांच्या बोलण्यात हा एक इंग्रजी शब्द घरच्या मांजरासारखा मोकळा फिरायचा. जेवण झालं की डबा क्लिअर. साहेबांची पाठ वळली की रस्ता क्लिअर. तात्यांची मुलगी परीक्षा पास झाली, तीही क्लिअर. एकदा मुंगीला खोकला जडला होता. डॉक्टरांनी छाती क्लिअर असल्याचं सांगितलं, तर हा म्हणाला, "डोकंही बघायचं होतं, तिथंही काही सापडलं नसतं." काम संपवून माणसं खाली उतरली, तरी शब्द तोच. सगळे खाली आले का, लाइन सोडू का, असं पूर्ण विचारायचा नियम होता. पण एका शब्दात भागत होतं, मग कोण कशाला तोंड वाजवणार?

त्या दुपारी तारेवर फांदी पडली होती. मुंगीने ती ओढून काढली आणि तेवढ्यात तात्यांचा फोन आला. वरूनच त्याने उत्तर दिलं. फांदी निघाली, असं त्याला म्हणायचं होतं.

चौकशीआधी साहेबांनी तात्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. तो स्वतःच क्लिअर म्हणाला, जोडीदारानेही ऐकलंय, तेवढंच सांगा, मामला मिटेल, असं समजावलं. घरी बायकोचाही सूर तोच. गेलेला माणूस परत येणार नाही, मग आपण कशाला आगीत हात घालायचा? तात्या ऐकून घेत होते. घास उचलताना त्यांचं लक्ष उजव्या हाताकडे जायचं आणि घास ताटात तसाच राहायचा.

चौकशीच्या आदल्या दिवशी ते मुंगीच्या घरी गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती.

"भाऊजी, ऑफिसातले म्हणतात, ह्यांनीच चालू करायला सांगितलं. खरं का?"

"नाही, वहिनी. फांदी निघाली, एवढंच तो सांगत होता. खाली उतरलास का, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

ती म्हणाली, "जा तुम्ही आता."

चौकशीत तात्या तेच बोलले. साहेबांनी मध्येच थांबवून आठवण करून दिली, तरी बोलले. मुंगीच्या माथी दोष आला नाही. तात्यांचं पॅनेल गेलं आणि त्यांना हातमोजे, दोर वाटायला स्टोअरमध्ये बसवलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. ते मान हलवत.

पुढे मुंगीच्या बायकोला त्याच ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली. दुपारी ती पाण्याचा जग घेऊन टेबलाटेबलावर ग्लास भरत फिरते. स्टोअरपाशी आली की दारातल्या स्टुलावर जग ठेवते आणि तोंड फिरवून उभी राहते. तात्या उठतात, स्वतःच्या हाताने पाणी ओतून घेतात, जग पुन्हा स्टुलावर ठेवतात आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात. ते बसल्याचा आवाज आला, की ती जग उचलून पुढे जाते.