उलट्या खिशाचा सदरा

पौडच्या एस.टी. स्टँडासमोर मोहिद्दीनचं शिवणाचं दुकान होतं. हात असा सफाईदार, की त्यानं घातलेली शिवण शोधून सापडू नये. पण कापड बेतायची वेळ आली की गडी गारठायचा. माप घ्यायचा, खडूनं रेघ मारायचा, पुसायचा, पुन्हा माप घ्यायचा. कात्री चुकली तर? गिऱ्हाईक गावभर बोंबललं तर? शेवटी बायको मैमुनाच पुढं व्हायची आणि कर्रकन कापून मोकळी व्हायची.

एवढीच काळजी असती तर निभलं असतं. छातीत धडधडलं म्हणून त्यानं एस.टी.त बसणं सोडलं. पोटात कळ आली म्हणून तिखट सोडलं. चारचौघांत घाम फुटला म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलं. एक भीती गेली की तिच्या जागी दुसरी येऊन बसायची. काढे झाले, गोळ्या झाल्या, ताईत झाला.

अखेर मेहुणा अमजदनं त्याला जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं आणि पुण्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. जया वाकणकर त्यांचं नाव. बाईंनी छाती तपासली, सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आता हा जिना पळत चढा-उतरा."

"बाई, मरंन की मी!"

"हृदय ठणठणीत आहे तुमचं. पळा."

मोहिद्दीन पळाला. छाती भात्यासारखी हलायला लागली. तो भिंतीला टेकणार, तोच बाई म्हणाल्या, "टेकू नका. पाणी नको, ताईताला हात नको. नुसतं उभं राहा आणि ती धडधड काय करते ते बघा."

तो डोळे विस्फारून बघत राहिला. धडधड वाढली, थोडी रेंगाळली आणि हळूहळू उतरली.

"आपसूक गेली की वो!"

"जातेच. तुमचे आजार वेगवेगळे नाहीत, मोहिद्दीनभाई. मन तुमचं मुळातच हळवं आहे, चटकन घाबरतं. तो काही गुन्हा नव्हे. पण ते घाबरलं की तुम्ही पळ काढता, आणि तुम्ही पळालात की भीतीला वाटतं, राज्य आपलंच."

"मग आता काळजी समदी जानार?"

"सगळी नाही जाणार. पण प्रत्येक कामाला तिची परवानगी घ्यायचं कारण उरणार नाही."

मग तो पुण्याला जात राहिला, एस.टी.नंच. पहिल्यांदा समोरची दांडी घट्ट धरून, पुढंपुढं खिडकीतून शेतं बघत. आणि एके दिवशी बाईंनी नवंच काम दिलं. "एक सदरा मुद्दाम चुकीचा शिवा आणि तो घालून बाजारात फिरा."

"बाई, माझा धंदा बुडंल!"

"बुडतो का ते बघून या."

बाजाराच्या दिवशी मोहिद्दीन घराबाहेर पडला तेव्हा मैमुना हसून हसून उंबऱ्यातच बसली. एक बाही पांढरी, एक निळी, आणि खिशाचं तोंड खाली. मिरच्या विकणाऱ्या गोजराबाईनं पहिली आरोळी ठोकली, "अगं बया! मोहिद्दीनभाई, खिसा उलटा झालाय वो!"

माणसं गोळा झाली. त्याचे कान तापले, पाय आपोआप दुकानाकडं वळायला लागले. त्यानं ते रोखले आणि मिरच्यांच्या पोत्यापाशीच उभा राहिला. तेवढ्यात नेरे गावचा कोंडिबा गर्दीतून पुढं आला.

"पोराच्या लग्नाचा कोट तुज्याकडं टाकनार व्हतो. आता न्हाई."

जन्मभर ज्याची धास्ती घेतली, ते भर बाजारात, सगळ्यांदेखत घडलं होतं. मोहिद्दीन आता काय कोसळतंय याची वाट बघत राहिला. कोसळलं काहीच नाही. मिरचीचा खकाणा मात्र नाकात गेला आणि त्याला सणसणीत शिंक आली. मग कोंडिबाला आली. मग गोजराबाईला. शिंकता शिंकता सगळेच हसायला लागले.

"खिशात पैसं टाकलं की खाली पडत्यात," मोहिद्दीन डोळे पुसत म्हणाला. "खर्च लई वाढलाय बगा."

कोंडिबालाही हसू आवरेना. "पर कोट देनार न्हाई!"

"नका देऊ," मोहिद्दीन म्हणाला. आपण हे किती सहज बोललो, याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी येऊन त्यानं रखडलेलं कापड पसरलं. मैमुनानं सवयीनं कात्री उचलली.

"दे हिकडं."

त्यानं रेघेवर कात्री लावली. एका जागी रेघ सूतभर चुकलीसुद्धा. तो कापत गेला.

दोन-चार दिवसांनी कोंडिबाचा मुलगा बहिरू टेरिलिनचं कापड काखेत मारून हजर. "बा काय बी म्हनू दे. लगीन माजं हाय. कोट तुमीच शिवा."

नेऱ्याच्या त्या लग्नाला मोहिद्दीन आणि मैमुना एस.टी.नं गेले. कोट खांद्यात जरा तंग झाला होता, हे मोहिद्दीनला लांबूनच दिसलं. छातीत धस्स झालं. वरातीत बहिरूनं दोन्ही हात वर करून ताल धरला आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली. पोरींनी किंकाळ्या मारल्या. कोंडिबानं कपाळाला हात लावला.

मोहिद्दीन सुईदोरा घेऊन पुढं झाला. ताशा वाजत होता, नवरदेव जागच्या जागी उड्या मारत होता आणि तो टाके घालत होता.

"जरा दम धर, न्हाईतर तुलाच शिवंन कोटाला!"

शेवटच्या टाक्याचा दोरा दातानं तोडला, तोच बहिरूनं त्याच्या कमरेला हात घालून त्याला रिंगणात ओढलं. मोहिद्दीनला नाचता येत नव्हतं. चारचौघांत तो कधी नाचला नव्हता. घाम फुटला, छाती धडधडली, आणि तो नाचला, वेडावाकडा, ताल सोडून, अगदी मनापासून. बायकांच्या घोळक्यात उभी असलेली मैमुना टाळ्या वाजवत होती, आणि कोंडिबा ताशेवाल्याला ओरडून सांगत होता, "वाजव रं, थांबू नगंस!"